वडिलांचं जुनं .३२ वेब्ली : पहिली गोळी सुटते, दुसरी अडकते

गलाईवाला_विटा

राम राम मंडळी.

आमचा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा. खानापूर-आटपाडीकडच्या बऱ्याच घरांसारखं आमचंही एक पाऊल विट्यात आणि दुसरं परमुलखात. वडील तरुणपणी सोनं-चांदी घेऊन रेल्वेनं फिरायचे. त्या दिवसांत त्यांनी रीतसर परवाना काढून एक जुनं पिस्तूल घेतलं होतं. वेब्ली अँड स्कॉट, .३२, बर्मिंगहॅमचा शिक्का. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी ते माझ्या नावावर केलं. कागद चोख आहेत. आधीच सांगतो, म्हणजे त्यावरचे निम्मे प्रतिसाद वाचतील.

अडचण अशी की हे पिस्तूल लहरी आहे. रेंजवर मॅगझिन भरून, हातानं स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढून पहिली गोळी मारली की ती बिनतक्रार सुटते. पुंगळी बाहेर पडते, दुसरं काडतूस वर येतं, आणि स्लाइड पुरती मिटायच्या आधीच थांबते. दोन-तीन मिलिमीटरची फट राहते. चाप ओढला तर घोडा पडत नाही. अंगठ्यानं मागून जरा रेटलं की स्लाइड मिटते आणि ती गोळीही सुटते. कधी असं तिसऱ्याला होतं, कधी पाचव्याला. मध्येच कधी पूर्ण मॅगझिन अशी रिकामी होते की वाटतं आपल्यालाच भास होत होता.

रोज अडकलं असतं तर एव्हाना कारण सापडलं असतं. कुणाकडं हे मॉडेल आहे का? काय बघू?

कृष्णाकाठ

भावा, एवढं सोनं-चांदी बघितलेलं पिस्तूल. म्हातारपणी जरा भाव खाणारच!

सुभेदार_अपशिंगे

चेष्टा नंतर. गलाईवाले, आधी सवयीचं सांगतो. अडकलेलं हत्यार हातात असताना बोट चापावर नाही, नळीचं तोंड समोरच्या बांधाकडं. आधी मॅगझिन काढायची, मग स्लाइड मागं, मग डोळ्यानं आणि करंगळीनं नळीचं मागचं तोंड तपासायचं. उलटा क्रम केला तर मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत जातं आणि आपण समजतो रिकामं केलं. अंगठ्यानं रेटून गोळी मारायची सवय तर आजपासून बंद करा. काडतूस का बसलं नाही हे माहीत नसताना ते जबरदस्तीनं बसवून चाप ओढायचा नाही.

आणि चाप ओढल्यावर घोडा पडला पण बार झाला नाही, तर लगेच स्लाइड ओढायची नाही. तोंड बांधाकडंच ठेवून अर्धं मिनिट थांबायचं. कधी कधी बार उशिरा होतो.

आता माझे प्रश्न. काडतुसं कुठली आणि किती जुनी? मॅगझिन मूळची की नंतर घेतलेली? पुंगळ्या कशा उडतात? आणि हे पिस्तूल शेवटचं मुठीपर्यंत उघडून कुणी साफ केलं होतं?

जावळीकर

माझ्याकडं आजोबांचं बेबी ब्राउनिंग आहे, .२५. तुमच्यापेक्षा लहान, पण खोड्या त्याच. माझा अंदाज कमान, म्हणजे स्प्रिंग.

या छोट्या पिस्तुलांत बार होताना नळी आणि स्लाइड एकमेकांना जखडलेली नसतात. स्लाइडचं वजन आणि कमानीचा जोर, एवढ्यावरच सगळा खेळ. कमान मऊ पडली की स्लाइड मागं जोरात जाते आणि पुढं येताना दम कमी पडतो. काडतूस मॅगझिनच्या ओठांतून (तोंडाशी आत वळवलेल्या कडांतून) ओढून नळीत ढकलायचं शेवटचं काम तेवढं राहून जातं. तुमची फट तिथंच आहे.

वेब्लीची कमान कुठं असते ठाऊक आहे ना? ब्राउनिंगसारखी गुंडाळीची, नळीच्या जवळ नाही. व्ही आकाराची चपटी कमान आहे, मुठीच्या उजव्या पट्टीखाली. बंदूकवाल्यांच्या जुन्या पद्धतीची. वरून कितीही तेल पुसा, तिथं पोचत नाही.

काकांचा_पुतण्या

मधेच विचारतो. आमच्या काकांकडं सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. त्याची काडतुसं या पिस्तुलात चालतात का? आकडा तर एकच आहे.

सुभेदार_अपशिंगे

नाही, नाही, नाही. रिव्हॉल्व्हरचं .३२ म्हणजे स्मिथ अँड वेसन लाँग. त्याची पुंगळी २३ मिलिमीटरच्या आसपास आणि मागं ठसठशीत कड. पिस्तुलाचं .३२ म्हणजे एसीपी, ७.६५ मिलिमीटर, पुंगळी १७ची. मॅगझिनमध्येच बसणार नाही. दुकानात नुसतं ‘बत्तीसची द्या’ म्हणू नका, पिस्तूल की रिव्हॉल्व्हर ते सांगा आणि डबी उघडून बघा.

गलाईवाला_विटा

सुभेदार, उत्तरं देतो.

काडतुसं खडकीची, दोन वेगवेगळ्या खरेदीतली. दोन्हींत सारखाच त्रास. मॅगझिन मूळची, एकच आहे. पुंगळ्या जोरात उडतात. वडील म्हणतात पूर्वी पायाशी पडायच्या, आता शेजारच्या नेमबाजाच्या पट्ट्यात जातात.

उघडून साफ करण्याबद्दल सांगायचं तर एक गोष्ट आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आम्ही सांगलीत गावभागात होतो. महापुरात आई-वडिलांना बोटीतून काढलं. कपाट पाण्याखाली गेलं, त्यात हे चामडी म्यानात होतं. पाणी ओसरल्यावर वडिलांनी ते पुसून, वाळवून, तेल लावून ठेवलं. वरून आजही बघाल तर डाग नाही. पट्टी काढून आतून कुणी बघितलं नसणार.

जावळीकर

मग काय राहिलं! पुंगळ्या लांब उडायला लागल्या म्हणजे स्लाइडला मागं रोखणारं काही उरलं नाही. कमानच.

आणि ते चामडी म्यान फेकून द्या. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार लोखंडाला लागतात. आमच्याकडं पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, तिथं मी हे शिकलो. पिस्तूल उघडं, तेलाचा हलका हात देऊन, कुलपाच्या पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत. म्यान फक्त बाहेर पडताना.

सुभेदार_अपशिंगे

जावळीकर, घाई करू नका. स्लाइड अर्ध्यावर थांबायला चार कारणं असतात. एकेक काढून टाकूया.

एक, मनगट सैल. हात मागं गेला की स्लाइडला पुरती चाल मिळत नाही. पण मग पुंगळी अडकते, नाहीतर पुढचं काडतूस उचललंच जात नाही. इथं पुंगळ्या उडतायत. बाद.

दोन, कडेत कड अडकणं. ही .३२ एसीपीची जन्मजात खोड. १८९९ सालचं हे काडतूस, त्याची कड अंगापेक्षा किंचित बाहेर आहे. मॅगझिनमध्ये वरच्याची कड खालच्याच्या कडेमागं गेली की दोघं एकमेकांना धरून बसतात. आखूड तोंडाच्या पोकळ गोळ्यांत जास्त, कारण मॅगझिनमध्ये मागंपुढं सरकायला त्यांना जागा मिळते. पण तसं झालं तर काडतूस नाक खाली घालून मॅगझिनमध्येच रुतून बसतं, अंगठ्यानं रेटून सुटत नाही. यांचं सुटतंय. हेही बाद.

तीन, नळीचं घर, म्हणजे काडतूस बसतं ती मागची जागा, घाण किंवा गंजकं. चार, कमान किंवा मॅगझिन. मला मॅगझिनचा जास्त संशय आहे. माझ्या नोकरीत दहातली सात पिस्तुलं मॅगझिननंच रुसलेली पाहिली.

तिसऱ्याची परीक्षा सोपी. वेब्लीचा चापाचा गार्ड खाली-पुढं ओढला की नळी सुटी होते, तुम्हाला वडिलांनी दाखवलं असेल. नळी हातात घ्या, पिस्तुलापासून बाजूला, आणि तोंड खाली करून त्यात एक काडतूस सोडा. आपल्या वजनानं टपकन बसलं पाहिजे आणि उलटं केल्यावर आपणहून पडलं पाहिजे. घासत गेलं तर घर साफ करा.

मिरजेचा_तंबोरा

विषयांतराबद्दल माफी. कमान, पट्टी हे शब्द वाचून राहवलं नाही.

मिरजेतले सतार-तंबोरे करणारे मूळचे शिकलगार. तलवारी, भाले, हत्यारांना धार-चकाकी देणारे. संस्थानांच्या फौजा आटल्या तसं हत्यारांचं काम गेलं, आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी वाद्यदुरुस्ती हातात घेतली. तेव्हा जिल्ह्यात हत्यार दुरुस्त करणारे हात नाहीत असं कुणी म्हणू नका. होते, त्यांनी भोपळे हातात घेतले!

कुपवाड_लेथ

गलाईवाले, कशाला एवढा व्याप. कुपवाड एमआयडीसीत माझी वर्कशॉप आहे. जुनी कमान आणून द्या, स्प्रिंग स्टीलची पट्टी वाकवून, पाणी पाजून दोन दिवसांत देतो. चहावर काम होईल.

वकील_कराड

कुपवाडकर, तुमच्या भल्यासाठी सांगतो, हा प्रतिसाद गमतीत घेणार नाही.

शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ मध्ये अग्निशस्त्र बनवणं, विकणं यांच्या रांगेतच दुरुस्त करणं आहे. त्याला वेगळा परवाना लागतो. पिस्तूलधारकाचा परवाना हा बाळगण्याचा असतो, तो तुम्हाला दुरुस्तीचा अधिकार देत नाही. शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही आले. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम २५ मध्ये याला किमान सात वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. चहा फार महाग पडेल.

साफसफाई, तेलपाणी, त्यासाठी नेहमीसारखं उघडणं हे धारकानं करायचंच असतं. पण कमान बदलणं, काही घासणं, कानशीनं ‘जरा’ सारखं करणं हे दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडंच. जाताना मूळ परवाना बरोबर. देताना पावतीवर मॉडेल, बोर आणि पिस्तुलावरचा नंबर लिहून घ्या. ती पावती म्हणजे हत्यार तुमच्याकडं का नाही याचं उत्तर.

कुपवाड_लेथ

बापरे. माझा प्रतिसाद उडवा कुणीतरी.

वकील_कराड

राहू द्या. दुसरा कुणी लेथवाला वाचेल.

वाईची_सून

वकीलसाहेब, हस्तांतराचं जरा सांगा ना. सासऱ्यांकडं बारा बोर आणि एक पिस्तूल आहे. गलाईवाल्यांच्या वडिलांनी हयातीतच नावावर केलं म्हणतात. आम्हाला एकानं सांगितलं की मृत्यूनंतरच होतं.

वकील_कराड

२०१६च्या शस्त्र नियमांत वारसाची सोय दोन्ही प्रकारे आहे. धारक गेल्यावर तर आहेच, पण धारकानं वयाची सत्तर वर्षं पूर्ण केली किंवा ते हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हा हयातीतही कायदेशीर वारसाच्या नावे अर्ज करता येतो. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडं. पोलीस अहवाल, वारसाची पात्रता हे नव्या परवान्यासारखंच तपासलं जातं. आपोआप काही होत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. २०१९पासून एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रं, पूर्वी तीन होती. ज्याच्या नावे करायचं त्याच्याकडं आधीची किती आहेत ते बघा. आणि धारक गेला तर ‘तेरावं होऊ दे मग बघू’ नको. परवाना माणसाबरोबर संपतो. हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायचं, पावती घ्यायची, मग अर्ज.

गलाईवाला_विटा

सुभेदारांची परीक्षा केली. काडतूस पहिल्यांदा जरा घासत गेलं. घर साफ केल्यावर टपकन बसलं आणि पडलं. म्हणजे तिसरं कारण थोडंफार होतं, आता नाही.

मग मॅगझिन रिकामी करून, खालची तबकडी काढून बघितली. आत काय निघालं असेल? हळद, कुंकू आणि काहीतरी चिकट पिवळं किटण.

आई दर खंडेनवमीला शस्त्रपूजेत याला साग्रसंगीत हळद-कुंकू वाहते. बारा बोरची बंदूक, वडिलांचं तोळाकाटा, पावशी, विळा, सगळ्यांबरोबर. वर झेंडूच्या फुलानं पाणी शिंपडायचं आणि मग ‘गंजू नये म्हणून’ खोबरेल.

कृष्णाकाठ

सांगलीचं पिस्तूल आणि आत हळद निघू नये, असं कसं चालेल!

जावळीकर

खोबरेल! आमच्या आजीचंही तेच. चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली खोबरेल गोठतं. आमच्याकडं जानेवारीत बाटली उन्हात ठेवावी लागते, मग मॅगझिनच्या कमानीवर काय होत असेल? शिवाय कालांतरानं ते चिकट होतं आणि धूळ धरतं. हत्याराचं तेल मिळालं तर उत्तम, नाहीतर शिलाई मशिनचं पातळ तेल, तेही पुसून नावापुरतं राहील इतकंच. काडतुसांना तर अजिबात तेल लागता कामा नये. ते काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीत मुरलं की बार फुसका.

सुभेदार_अपशिंगे

पूजा करा, पण मॅगझिन काढून, हत्यार रिकामं तपासून, आणि कुंकू पाटावर वाहा. मी घरी तसंच करतो. सौभाग्यवतींनी पहिल्या वर्षी तोंड वाकडं केलं, आता चालतं.

आणि बघा, मी म्हणालो होतो मॅगझिन. साफ करून परत रेंजवर जा.

गलाईवाला_विटा

मॅगझिन घासून-पुसून, वाळवून परत गेलो. फरक पडला, पण खोड गेली नाही. अडकण्याचं प्रमाण कमी झालं, एवढंच.

मग उजवी पट्टी काढायला घेतली. जुन्या व्हल्कनाइट रबराची आहे, कडक झालेली. स्क्रू सुटला आणि पट्टीचा कोपरा हातात आला. आत व्ही कमानीच्या वाकाशी तपकिरी गंज दिसला. पुढं हात न लावता पट्टी परत ठेवली. पुण्यात दुरुस्तीचा परवाना असलेले एक कारागीर आहेत, त्यांच्याकडं नेतो.

जावळीकर

शहाणपण केलंत. ती कमान दाबाखाली असते, तोंडावर उडू शकते.

सुभेदार_अपशिंगे

पुण्याचा अहवाल येईपर्यंत मी माझा शब्द मागं घेत नाही.

वकील_कराड

जाताना एक बघा. हल्ली निवडणुका एकामागून एक आहेत. आचारसंहितेत शस्त्र जमा करायची नोटीस आली आणि पिस्तूल दुरुस्तीला असलं, तर पावतीची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात आधीच सांगून या. जमा करायची वेळ आलीच तर रिकामं, तेलाचा हात देऊन, कापडात गुंडाळून द्या, चामड्यात नको. आणि पावतीवर स्थिती लिहून घ्या.

वाईची_सून

सासऱ्यांना हे वाचून दाखवलं. ते म्हणतात, सुट्या भागांसाठी आणखी एक जुनं वेब्ली विकत घ्यावं. शक्य आहे का?

वकील_कराड

ते दुसरं हत्यारच धरलं जाईल. दोनच्या मर्यादेत मोजणार, परवान्यावर चढवावं लागणार. तुमच्या सासऱ्यांची दोन आधीच झालीत.

जावळीकर

आणि मिळणारही नाही सहज. खासगी आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली, तेव्हापासून बाहेरची जुनी पिस्तुलं देशातल्या देशातच हात बदलतात. त्यामुळं विलायती शिक्का असलेल्या खिळखिळ्या पिस्तुलालाही लोक वेड्यासारखी किंमत मागतात. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी हेच .३२ वेब्ली १९११ साली घेतलं होतं, ही गोष्ट विकणारा तुम्हाला नक्की ऐकवणार. गोष्ट खरी आहे, पण तिनं कमान नवी होत नाही. माझं मत विचाराल तर जवळ बाळगायला देशी .३२ घ्यावं, त्याचे भाग आणि दुरुस्ती दोन्ही मिळतात. जुनं विलायती वडिलांचं असेल तरच सांभाळावं.

गलाईवाला_विटा

पिस्तूल परत आलं.

कारागिरांनी कमान काढून माझ्या हातात दिली. वाकाच्या आतल्या बाजूला गंजानं खड्डे पाडलेले आणि दोन पाय सरळ उभ्या नव्या कमानीपेक्षा कितीतरी जवळ आलेले. ते म्हणाले, ही अजून काही वेळा चालली असती आणि एक दिवस तुटली असती. नवी बसवली. स्लाइडच्या मागच्या धडकेनं फ्रेमला तडा गेलाय का तेही भिंगाखाली बघितलं, सुदैवानं नाही.

त्यांनी एक दाखवलं ते इथं लिहितो. मॅगझिनचे ओठ त्यांनी मोजले आणि हात लावला नाही. म्हणाले, माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या पिस्तुलांचे ओठ कुणीतरी पकडीनं वाकवलेले असतात. दोष कमानीत असतो, पण ओठ दिसतात म्हणून लोक ओठ वाकवतात. मग मला दोन दुरुस्त्या कराव्या लागतात.

रेंजवर दोन्ही खरेदीतली काडतुसं चालवली. स्लाइड दर वेळी पुरती मिटली. पुंगळ्या परत जवळ पडतायत, वडील खुर्चीवर बसून तेच बघत होते.

सुभेदार_अपशिंगे

चला, जावळीकरांचं बरोबर. पण हळद माझ्या सांगण्यानं निघाली.

जावळीकर

मान्य! आता तुटलेल्या पट्टीचं काय केलंत?

मिरजेचा_तंबोरा

तिची काळजी नको. आमच्याकडं तंबोऱ्याच्या दांडीचं तुणीचं लाकूड आहे, मुरलेलं. डाव्या पट्टीचं माप मिळालं तर अशी जोडी करून देतो की बर्मिंगहॅमवाले बघत राहतील.

वकील_कराड

तंबोरेवाले, मूठ हाही हत्याराचाच भाग. लाकूड तुमचं असू द्या, पण बसवणं आणि पावती पुण्याच्या कारागिरांची.

गलाईवाला_विटा

त्यांना फोन केला. लाकडाला ना नाही म्हणाले. फक्त पट्टीची जाडी मूळच्याइतकीच हवी, आतून कमानीला घासता कामा नये. तुणीपेक्षा शिसव मिळालं तर बघा म्हणाले, स्क्रूपाशी चिरत नाही. तंबोरेवाले, शिसव आहे का?

मिरजेचा_तंबोरा

आहे. बुधवारी बाजाराला मिरजेत येत असाल तर तुकडा बघून जा. पिस्तूल मात्र आणू नका, माप कागदावर आणा.